पूल बुडायच्या आत: कृष्णा-दूधगंगा-वेदगंगेकाठच्या घरानं बाहेर कधी पडायचं

"उंबऱ्याला पाणी लागलं की निघू" असं ठरवून बसलेलं घर आपल्या भागात हमखास अडकतं. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, कागवाड, अथणी, रायबाग या तालुक्यांतल्या नदीकाठच्या बऱ्याच गावांत घराआधी रस्ता जातो. घर कोरडं असतं, चूल पेटलेली असते, आणि गावातनं बाहेर जाणारा सखल पूल मात्र कालच पाण्याखाली गेलेला असतो. म्हणून नजर उंबऱ्यावर ठेवू नका, पुलावर ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्या पुलावरच बसवायचा आहे.

आधी आपलं पाणी कुठनं येतं ते ओळखा

गावात ऊन पडलंय, ढग पांगलेत, म्हणून पूर ओसरेल असं समजणं ही नेहमीची चूक. आपला पूर आपल्या पावसानं येत नाही, घाटमाथ्यावरच्या पावसानं येतो. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत उतरतं, वारणा सांगलीजवळ हरिपूरला मिळते, पंचगंगा नरसोबावाडीला. हे सगळं राजापूर बंधाऱ्यावरनं आपल्या, म्हणजे कर्नाटकाच्या, हद्दीत येतं. पुढं दूधगंगा मिळते, आणि दूधगंगेत त्याआधीच वेदगंगा आलेली असते. दूधगंगेच्या डोक्यावर काळम्मावाडीचं धरण, वेदगंगेच्या डोक्यावर पाटगावचं.

कोयनेतनं सोडलेलं पाणी सांगलीपर्यंत यायला दिवस-दीड दिवस लागतो, आपल्याकडं त्याहून उशिरा. हा वेळ म्हणजे तुमच्या हातातला खरा ऐवज. पंचगंगेच्या वरच्या अंगाला असलेल्या राधानगरी धरणाचं तसं नाही. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, एकेका दरवाजातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी पडतं. वर घाटात पाऊस कोसळत असताना "पाच दरवाजे उघडले" अशी बातमी आली, तर पंचगंगा चढणार आणि पाठोपाठ कृष्णाही.

वेदगंगा-दूधगंगा काठच्या लोकांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे फुग. कृष्णा तुडुंब असली की उपनदीचं पाणी तिच्यात शिरत नाही, मागं सरतं. फुगीचं पाणी शांत असतं, आवाज करत नाही, ओढ्या-नाल्यांतनं उलटं चढत शिवारात पसरतं, आणि उतरायला दिवस घेतं. नदी "शांत आहे" म्हणून रात्री निवांत झोपलेल्या वस्तीला सकाळी चारी बाजूंनी पाणी दिसतं ते यामुळं.

गोकाककडचा हिशेब वेगळा. तिथं घटप्रभेत हिडकल धरणाचं पाणी, हिरण्यकेशी आणि मार्कंडेय अशी तिन्ही पाणी येतात. त्यामुळं "हिडकल अजून भरलं नाही" एवढ्यावर लोळसूर पुलापलीकडच्या माणसानं निर्धास्त राहू नये.

कृष्णेवरच्या खालच्या अलमट्टी धरणामुळं पूर येतो की नाही, हा वाद पारावर वर्षभर चालू दे. पाणी चढत असताना त्या वादानं तुमची म्हैस काही पुलापलीकडं जात नाही.

आकडे कुठले बघायचे

तीन आकडे पुरेत. राजाराम बंधारा, कोल्हापूर: इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. आयर्विन पूल, सांगली: इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. आणि तिसरा आपला, राजापूर बंधाऱ्यावरनं येणारं पाणी अधिक दूधगंगेचं पाणी, म्हणजे कल्लोळजवळ कृष्णेत होणारी बेरीज, क्युसेकमध्ये. पावसाळ्यात ही बेरीज तहसील कार्यालयाकडनं आणि स्थानिक बातम्यांत रोज येते.

हे आकडे नुसते ऐकून सोडू नका. घरात एक वही घाला. तारीख, वेळ, राजापूरचा विसर्ग, दूधगंगेचा विसर्ग, आणि त्या दिवशी आपल्या भागातला कुठला पूल बुडाला ते लिहा. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी हे सखल बंधारे-पूल बहुतेक पावसाळ्यात पाण्याखाली जातात, आणि कुठल्या विसर्गाला कुठला जातो हे दोन पावसाळ्यांच्या वहीत स्पष्ट दिसतं. मग "एक लाख क्युसेक" हा आकडा भीतीचा न राहता "उद्या दुपारपर्यंत आपला पूल जाणार" एवढा साधा होतो. शेजारच्या गावाची वही आपल्याला चालत नाही. पुलाची उंची प्रत्येकाची वेगळी.

व्हॉट्सॲपवर आकडा आला तर आधी तारीख आणि वेळ बघा, मग एकक बघा. फूट, मीटर, टीएमसी आणि क्युसेक यांची खिचडी करून पाठवणारे पुष्कळ. टीएमसी म्हणजे अब्ज घनफुटांत मोजलेला साठा, क्युसेक म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिलं तर साधारण ८.६४ टीएमसी होतं. २०१९ चे व्हिडिओ दर जुलैला नव्यानं फिरतात. त्यात आपल्या पुलाचा कठडा, दुकानाची पाटी ओळखता आली आणि तारीखही आजची असली तरच विश्वास ठेवा.

सरकारी सूचना कन्नडमधनं येतात, आणि घरात वाचणारं कुणी नसेल तर घोटाळा होतो. सगळ्यात मोठा घोटाळा "प्रवाह" या शब्दाचा. मराठीत प्रवाह म्हणजे वाहतं पाणी, कन्नडमध्ये प्रवाह म्हणजे महापूर. बाकीचे लक्षात ठेवा: "एच्चरिके" म्हणजे इशारा, "ओळहरिवु" धरणात येणारं पाणी, "होरहरिवु" धरणातनं सोडलेलं, "नीरिन मट्ट" पाण्याची पातळी, "सेतुवे मुळुगडे" पूल बुडाला, "जानुवारु" जनावरं, "स्थळांतर" म्हणजे जागा सोडा. "काळजी केंद्र" मात्र दोन्ही भाषांत जवळपास एकच, ती निवाऱ्याची जागा.

खुंटी आणि उलटा हिशेब

पुलाजवळ किंवा घाटाच्या पायरीवर जिथनं बाजूला उभं राहून दिसेल अशा ठिकाणी खूण करा. घाटाची पायरी सगळ्यात चांगली, ती हलत नाही. दर तासाला किती इंच चढलं ते लिहा. एका तासाचा आकडा फसवतो, तीन तासांची सरासरी घ्या. आणि हे काम उजेडात, पाण्यात पाय न घालता.

आता उदाहरण. मंगळवारी दुपारी १२ वाजता पाणी पुलाच्या स्लॅबच्या खाली ४ फूट आहे, म्हणजे ४८ इंच. चढ तासाला ३ इंच. म्हणजे १६ तास, बुधवारी पहाटे ४ वाजता पूल जाणार. कागदावर १६ तास हातात दिसतात. त्यातनं संध्याकाळी ७ नंतरची रात्र काढून टाका, कारण अंधारात जनावरं भरणं आणि पूल ओलांडणं दोन्ही करायचं नाही. उरले ७ तास. चार म्हशी असतील आणि छोटा हत्ती (लहान टेम्पो) एका खेपेला दोन नेत असेल, तर भरणं, नेणं, उतरवणं, परत येणं धरून खेपेला अडीच तास, दोन खेपांचे पाच. माणसं, धान्य, कागद यांची एक खेप दोन तासांची. झाले सात. म्हणजे निघायची वेळ मंगळवारी दुपारी १२ हीच आहे. "चहा घेऊन बघू" म्हणून ३ वाजले की एक खेप कमी पडली, आणि ती खेप म्हशींची असते.

वर पाऊस वाढत असेल किंवा धरणाचा विसर्ग वाढवल्याची बातमी असेल, तर तीन इंचांचे सहा इंच कधी होतील ते सांगता येत नाही. अशा वेळी मोजलेला वेळ निम्मा धरा.

कुणी कधी निघायचं

सगळं घर एकदम निघालं पाहिजे असं नाही. टप्प्यानं निघालेलं घर कमी धावपळ करतं.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे सांगली किंवा कोल्हापुरात इशारा पातळी ओलांडली की, बाळंतपण जवळ आलेली लेक-सून, डायलिसिसचा रुग्ण, अंथरुणाला खिळलेलं माणूस आणि तान्ही पोरं बाहेर. डायलिसिसवाल्याला आठवड्यात दोन-तीन वेळा शहर गाठावंच लागतं, त्याच्यासाठी बंद रस्ता म्हणजेच पूर. याच टप्प्यात भाकड जनावरं, गाभण म्हशी आणि वासरं हलवा.

दुसऱ्या टप्प्यात, धोका पातळीकडं पाणी निघालं किंवा आपला सखल पूल दोन-तीन फुटांवर आला, की दुभती जनावरं, आजी-आबा, मुलं. मातीच्या भिंतीचं घर असेल तर सगळेच. पाया भिजला की मातीची भिंत खालनं मऊ होते आणि वरचं वजन पेलत नाही. ती बऱ्याचदा पुरात नाही, पाणी उतरून ऊन पडल्यावर बसते.

तिसरा टप्पा म्हणजे गावात दवंडी झाली, पंचायतीची गाडी फिरली, तलाठी किंवा पीडीओ (पंचायतीचे विकास अधिकारी) दारात आले. हा निरोप शेवटचा असतो, पहिला नव्हे. त्यावर चर्चा करायची नाही.

घरातला खरा अडथळा पाणी नसतं, आबा असतात. "२००५ ला इथं पाणी आलं नव्हतं." बरोबर आहे, पण २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, २००५ पेक्षा वर. २०२१ च्या जुलैत तर दोन-तीन दिवसांच्या पावसातच यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी राष्ट्रीय महामार्गावर आलं. थोरल्यांशी आकड्यावर वाद घालू नका. जूनमध्ये, ऊन-पावसाच्या दिवसांत, त्यांनाच बरोबर घेऊन भिंतीवर २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या रेघा ओढा आणि विचारा, "आबा, पूल कुठवर आला की म्हशी हलवायच्या?" त्यांनी स्वतः सांगितलेली खूण ते ऑगस्टमध्ये मोडत नाहीत.

चोरीच्या भीतीनं एक तरणा मुलगा मागं ठेवायची पद्धत आहे. ती सोडा. मागं राहिलेल्या एकट्यासाठीच पुढं बोट बोलवावी लागते. त्यापेक्षा आळीतल्या सगळ्यांनी मिळून उंचावरच्या एका स्लॅबच्या घरावर दोघातिघांची पाळी लावावी, आणि त्यांची नावं पंचायतीत कळवावीत.

घरीच राहिलं तर चालतं का?

चालतं, पण चार गोष्टी एकत्र असतील तरच. घर आरसीसीचं हवं, वरचा मजला २०१९ च्या रेघेच्या बराच वर हवा, घरात आजारी माणूस नको, आणि जनावरं आधीच गेलेली हवीत. शिवाय सात दिवसांची तयारी. पिण्या-स्वयंपाकाला माणशी दिवसाला ५ लिटर धरा, सहा माणसांना सात दिवसांचं २१० लिटर, म्हणजे मोठं बॅरल भरून वर आणखी एक घागर. हे पाणी वरच्या मजल्यावर हवं, खालच्या टाकीत नव्हे. संडासाचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि दुसऱ्याच दिवशी त्यानंच घर टेकीला येतं, कारण शोषखड्डा पाण्यानं भरला की भांडं उलटं वाहतं. यातलं एकही जमत नसेल तर निघा.

जनावरांचं

छोटा हत्ती आणि ट्रॅक्टर-ट्रॉली पुराच्या दिवशी मिळत नाही, मिळाली तर भाडं तिप्पट. जूनमध्येच एका गाडीवाल्याशी बोलून ठेवा आणि दुसराही धरून ठेवा, कारण पहिला नेमका त्याच दिवशी स्वतःची जनावरं हलवत असतो.

भरताना वासरू आधी चढवा, मग म्हैस मागनं येते. उलटं केलं तर म्हैस अडते आणि अर्धा तास जातो. ट्रॉलीच्या तळाला पोती किंवा उसाचं पाचट टाका, ओल्या पत्र्यावर खूर घसरून पाय मोडतो. दोन म्हशींच्या मधे आडवा बांबू बांधा.

दुभत्या म्हशीला दिवसाला साधारण २० किलो हिरवा आणि ५ किलो वाळका चारा लागतो. हिरवा नेणं जमत नाही, म्हणून कडबा दिवसाला ८ किलो आणि पेंड २ किलो धरा. चार म्हशींना सात दिवस, म्हणजे २२४ किलो कडबा आणि ५६ किलो पेंड. कडबा पहिल्याच खेपेला न्या, भिजला की बुरशी येते आणि जनावर खात नाही. पाणी म्हशीला दिवसाला ५०-६० लिटर, तेव्हा जिथं नेताय तिथं बोअर चालू आहे का, हे आधी फोनवर विचारा.

घटसर्पाची लस मे-जूनमध्येच टोचून घ्या. पूर आल्यावर टोचलेली लस लगेच कामाला येत नाही. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढून ठेवा, नुकसानभरपाईला तोच विचारतात. आजारी जनावरासाठी १९६२.

आणि काहीच जमलं नाही, गाडी आली नाही, पाणी गोठ्यात शिरलं, तर दावं कापा. कोयता गोठ्यातच खुंटीला अडकवलेला असू दे. म्हैस चांगली पोहते. बांधलेली पोहू शकत नाही.

मोटारीसाठी नदीत जाऊ नका

नदीकाठची मोटार आणि स्टार्टर वर काढणं हे दरवर्षीचं काम. पाणी पात्राबाहेर यायच्या आधी, दिवसा, हेस्कॉमकडनं, म्हणजे वीज कंपनीकडनं, लाइन बंद करून घेऊन काढा. चढत्या पाण्यात रात्री मोटार सोडवायला जाणं, मग ती दहा एचपीची का असेना, करू नका. तारा पाण्यात आहेत की नाहीत ते अंधारात दिसत नाही.

घर बंद करताना

कागद आधी: आधार, रेशन कार्ड, जमिनीचा उतारा, बँक पासबुक, शाळेचे दाखले, विम्याचे कागद. दोन प्लास्टिक पिशव्यांत एकात एक घालून, आणि सगळ्याचे फोटो बाहेरगावच्या पाहुण्याच्या फोनवर. औषधं पंधरा दिवसांची. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा.

धान्याची पोती भिंतीवरच्या रेघेच्या निदान दोन फूट वर, माळ्यावर. माळ्यावर जागा कमी पडली तर युरिया आणि कीटकनाशकाच्या बाटल्यांना आधी जागा द्या, ज्वारीला नंतर. ज्वारी भिजली तर तुमचं नुकसान, औषध पाण्यात मिसळलं तर आळीचं. गॅसचा रेग्युलेटर काढा, टोपण लावा आणि सिलिंडर खांबाला उभा बांधा. रिकामा सिलिंडर तरंगत जाऊन दारं फोडतो. मेन स्विच बंद करा, आणि फ्यूज काढून खिशात घाला.

कुठल्या बाजूला जायचं

सीमेवरच्या घरांची सोयरीक नदीपलीकडं, शिरोळ-कागलकडं असते आणि मन तिकडंच ओढतं. तिकडं जाऊ नका. ते गावही त्याच पाण्यात आहे, आणि वाटेत एक नाही दोन नद्या लागतात. आपल्याच काठाच्या उंच बाजूला जा, मग ते निपाणी, चिकोडी, रायबाग काहीही असो. पाहुणे नसतील तर काळजी केंद्र, बहुधा सरकारी शाळा. तिथं ताट-वाटी, चादर, बॅटरी आणि साबण आपला न्यावा. जनावरांची सोय त्याच जागी आहे का वेगळी, हे जायच्या आधी विचारा.

वाटेत पुलावर पाणी वाहत असेल तर परत फिरा. वाहतं पाणी नुसतं अर्धा फूट असलं तरी माणसाचा पाय उचलतं, फूटभर पाणी लहान गाडी सरकवतं, दोन फुटांत बहुतेक गाड्या तरंगतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला कठडा नसतो, असला तर मोडका, आणि गढूळ पाण्यात स्लॅब कुठं संपला ते दिसत नाही. पुढचा ट्रॅक्टर गेला म्हणून आपली मोटरसायकल जात नाही.

अडकलात तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७. फोनवर गाव, वस्तीचं नाव, माणसं किती, जनावरं किती, आणि जवळची ओळखीची खूण एवढंच सांगा. फोनची बॅटरी जपा, व्हिडिओ काढत बसू नका.

परत येताना

पाणी उतरल्याबरोबर घरात घुसू नका. मातीच्या भिंतीला फुगारा, भेग किंवा तळाशी ओल दिसली तर त्या भिंतीकडेला कुणी झोपू नये, ऊन पडलं तरीही. गोठा, लाकडांचा ढीग, माळा इथं नाग, घोणस, मण्यार आसरा घेतात, म्हणून काठी आपटत, बॅटरी धरून, पायात बूट घालूनच आत. वायरमननं बघितल्याशिवाय फ्यूज परत बसवू नका. विहिरीचं पाणी पंचायतीनं ब्लीचिंग टाकेपर्यंत उकळूनच.

आणि झाडूला हात लावायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, फुटलेल्या कौलांचा, भिजलेल्या पोत्यांचा फोटो काढा, दारावरचा घर नंबर त्यात दिसेल असा. पंचनामा करणारे येतात तेव्हा घर स्वच्छ असतं, आणि स्वच्छ घरात पाणी किती होतं ते मग तोंडी सांगत बसावं लागतं.